रंकाळ्यावरचे धावणे आणि जिममधली वजने एकत्र कशी बसवावीत?

शिरोली_नाका (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३८ वर्षे, उंची १७२ सेंटीमीटर. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या कार्यालयात हिशेबाचे काम करतो, त्यामुळे दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीतच जातात. जूनमध्ये वजन ८४ किलो आणि कंबर ९८ सेंटीमीटर भरली, तेव्हा मात्र मनावर घेतले. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर पोहोचायचे, आठ किलोमीटर धावायचे, तिथून थेट जिम गाठून पाऊण तास वजने उचलायची आणि साडेनऊला कामावर हजर व्हायचे, असा आठवड्यातून सहा दिवसांचा क्रम मी चार महिने, भर पावसाळ्यातही, जवळजवळ न चुकता पाळला.

वजन ७८ वर आले, हे खरे. पण सुरुवातीला खांद्यावर बार घेऊन ७० किलोच्या आठ बैठका होत होत्या, त्या आता ६० किलोलाही जड जातात. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून बार वर ढकलणे, ५० किलोवर अडकला आहे. सहा किलो उतरूनही कंबर तीनच सेंटीमीटर कमी झाली, आणि खांदे-दंड असे उतरले आहेत की परवा एका नातेवाइकांनी आजारी होतास का म्हणून विचारले.

जिमच्या ट्रेनरचे म्हणणे असे की कार्डिओ, म्हणजे धावण्यासारखा दमाचा व्यायाम, ताबडतोब बंद करा, नाहीतर होता-नव्हता तो स्नायूही जळून जाईल. माझा धावणारा मित्र म्हणतो की आधी चरबी पूर्ण उतरू दे, वजनांचे नंतर बघू. तालमीत वाढलेले आमचे चुलते दोघांनाही वेड्यात काढतात आणि दोनशे जोर, चारशे बैठका एवढेच औषध सांगतात. तिघेही आपापल्या जागी इतके ठाम आहेत की मलाच काही सुचेनासे झाले आहे.

खाण्याचे सांगायचे तर व्यायाम रिकाम्या पोटी होतो, नंतर पोहे किंवा उप्पीट, दुपारी डब्यात दोन चपात्या आणि भाजी, रात्री एक भाकरी आणि आमटी. दूध बंद केले आहे. रविवारी मटण असते. धावणे आणि वजने दोन्ही चालू ठेवून स्नायू वाढवता आणि चरबी घटवता येते का, की एकाच गोष्टीच्या मागे लागावे? सकाळी दीड तास आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या मिळू शकतात.

वजनकाटा

मी फिजिओथेरपीच्या व्यवसायात आहे आणि आपल्यासारखी तक्रार घेऊन येणारे लोक मला वर्षभर भेटतात. दोन्ही एकत्र चालते. आपला क्रम, प्रमाण आणि ताट मात्र तिन्ही चुकले आहेत.

आपल्या ट्रेनरच्या बोलण्याला एक जुना आधार आहे. १९८० साली अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढत गेली, नंतर थबकली आणि शेवटच्या आठवड्यांत घसरली. दम मात्र कमी पडला नाही. तेव्हापासून कार्डिओने ताकद मारली जाते हे वाक्य जिममध्ये फिरत आहे. पण ते फिरवणारे लोक हे सांगत नाहीत की त्या गटाला आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस जोरकस दमाचा व्यायाम दिलेला होता. म्हणजे साधारण आपण स्वतःला चार महिने जे दिले, तेच.

पेशीच्या पातळीवर याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. दीर्घ श्रमाने स्नायूतील ऊर्जा आटली की एएमपीके नावाचे विकर जागे होते आणि ते स्नायू बांधण्याचा इशारा देणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला दाबून धरते. प्रत्यक्ष माणसांत हा खेळ इतका सरळ दिसत नाही, त्यामुळे मी त्याचा बाऊ करत नाही. आपल्या बाबतीत कारण त्याहून साधे आहे. आठ किलोमीटर धावून पाय थकलेले, स्नायूंतील साखरेचा साठा खाली आलेला आणि पोट रिकामे, अशा स्थितीत आपण बारखाली उभे राहता. त्या दिवशी ७० किलो उचलले जात नाहीत म्हणून ६० घेता, आणि शरीराला निरोप जातो की ६० पुरेत. खाणे आधीच तोकडे असल्यामुळे जो स्नायू वापरात नाही, तो शरीर मोडीत काढते.

म्हणून ज्या दिवशी वजने आहेत त्या दिवशी वजने आधी, ताज्या अंगाने. आठवड्यातून तीन दिवस पुरे: सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणा. प्रत्येक दिवशी एक बैठकीचा किंवा डेडलिफ्टचा (जमिनीवरून बार उचलण्याचा) प्रकार, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा, आणि प्रत्येकाचे तीन-चार सेट अशा वजनाने की सेट संपताना आणखी दोन-तीनच वेळा उचलता आले असते असे वाटावे. ज्या आठवड्यात सर्व सेट ठरल्या आकड्याइतके पूर्ण होतील, त्याच्या पुढच्या आठवड्यात बारवर अडीच किलो वाढवा. वेळ उरला तर शेवटी पंधरा-वीस मिनिटे सायकल किंवा भरभर चालणे. धावणे मंगळवारी आणि शनिवारी, चाळीस मिनिटे, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. गुरुवारी काही नाही. रविवारी हवे तर चाला, पण घड्याळ घरी ठेवून.

जुना_तालीमकर

आपल्या चुलत्यांची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो. तरुणपणी दहा वर्षे गंगावेशीकडच्या एका तालमीत काढली आहेत. कार्डिओ आणि स्ट्रेंथ असे दोन शब्द आमच्याकडे नव्हते, एकच शब्द होता, मेहनत. जोर, बैठका, दोरखंड चढणे, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती फावड्याने खणणे, धावणे, आणि या सगळ्यावर लढती. हौदा खणणे हे अर्ध्या तासाचे काम ज्याने केले आहे, तो दम वेगळा आणि ताकद वेगळी असे म्हणणार नाही.

परंतु चुलते एक गोष्ट सांगायला विसरले असावेत. तालमीत एका वेळी लढती असत आणि दुसऱ्या वेळी मेहनत, मध्ये खुराक आणि दुपारची सक्तीची झोप. पैलवान दुपारी झोपला नाही तर वस्ताद रागावत. फौंड्रीच्या कार्यालयात दुपारी कोण झोपू देणार? दुसरे असे की चारशे बैठका जमू लागल्या की पुढे त्यातून दम मिळतो, मांडीचा कस फारसा वाढत नाही. म्हणूनच आमच्यातले जाणते वस्ताद पोराला जोडीदार खांद्यावर घेऊन बैठका मारायला लावत. वजनकाटा यांनी अडीच किलो वाढवायला सांगितले, ते हेच.

आणि खुराकाची नक्कल कृपा करून करू नका. थंडाई, तूप, दोन-दोन लिटर म्हशीचे दूध हे दिवसाकाठी पाच तास अंग घुसळणाऱ्या पोरांसाठी होते. कुस्ती सोडल्यावर खुराक तसाच ठेवणाऱ्या माझ्या सोबत्यांची पोटे आज काय झाली आहेत, ते खासबागेत मैदान बघायला आले की दिसते. त्यात मीही आलोच.

भाकरी_उसळ

मी आहारतज्ज्ञ आहे. शिरोली_नाका यांनी लिहिलेल्या ताटात मोजून ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात वजनांच्या व्यायामाबरोबर स्नायू वाढण्यासाठी शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत लाभ दिसला आणि त्यापुढे तो जवळपास थांबला. ७८ किलोला हा आकडा १२५ ग्रॅम होतो. म्हणजे आपण निम्म्याहूनही कमी खात आहात, आणि तेही चरबी उतरवण्याच्या काळात, जेव्हा गरज उलट अधिक असते. २०१६ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात जास्त वजन असलेल्या तरुण पुरुषांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक देऊन चार आठवडे वजने आणि जोरकस कार्डिओ असे दोन्ही करायला लावले. ज्यांना दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने दिली, त्यांची सरासरी ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले, ज्यांना १.२ ग्रॅम दिली, त्यांची चरबी कमी उतरली आणि स्नायू फार तर टिकून राहिले. इतकी उपासमार मी कुणालाही घरी करायला सांगणार नाही, पण आपण विचारलेल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

आता हे १२५ ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरातून कसे जमवायचे ते पाहू, कारण डबा पाहिल्याशिवाय मला पावडरीचे डबे सुचवायला आवडत नाही. चार अंडी म्हणजे २५ ग्रॅम. मटकीची घट्ट उसळ दोन वाट्या म्हणजे १६ च्या आसपास. ज्वारीच्या तीन भाकऱ्या १८ ग्रॅमपर्यंत जातात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. गायीचे अर्धा लिटर दूध १६, वाटीभर दही ७, मूठभर शेंगदाणे ७ ते ८. राहिलेल्यासाठी ५० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे घेतले तर २६ ग्रॅम मिळतात, किंवा शिजवलेले शंभर ग्रॅम चिकन घेतले तर ३० च्या जवळ. बेरीज १२० पर्यंत येते, त्यात आमटी-भात धरलेला नाही. तेल आणि शेंगदाण्यांवर मात्र हात आवरता ठेवा.

रविवारच्या मटणाबद्दल थोडे. आपल्याकडे पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या पिऊन खुराक झाला असे मानण्याची पद्धत आहे. प्रथिने फोडींमध्ये असतात. पांढऱ्या रश्श्यात मुख्यतः नारळाच्या दुधाची चरबी असते. फोडी वाढून घ्या, रस्सा एक वाटी. आणि रात्री जेवणानंतर दूध कट्ट्यावर जाण्याची सवय असेल तर म्हशीचे अर्धा लिटर दूध म्हणजे सुमारे ५०० कॅलरी, हे लक्षात असू द्या. तेवढे खर्चायला आपल्या वजनाच्या माणसाला सहा किलोमीटरहून अधिक धावावे लागते.

रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ४०० कॅलरी कमी, एवढीच तूट ठेवा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्या हिशेबाने आठवड्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम उतरतील आणि ते पुरेसे आहे. पहाटे व्यायामाआधी एक केळे आणि दूध तरी घ्या.

शिरोली_नाका

आपणा सर्वांचे आभार. पन्नास ग्रॅमचा आकडा वाचून धक्काच बसला, कारण आपण फार निगुतीने खातो असा माझा समज होता. एकच अडचण आहे. मला धावायला मनापासून आवडते आणि दोनच दिवस धावायचे म्हटल्यावर जिवावर येते. तिसरा दिवस ठेवला तर सगळे बिघडेल का?

पन्हाळा_पायवाट

बिघडणार नाही. वरच्या प्रतिसादांत धावण्यावर जरा अन्याय झाला आहे असे मला वाटते. हिक्सनचा प्रयोग चाळीस वर्षांहून जुना आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित आढाव्यात दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंच्या वाढीला किंवा कमाल ताकदीला बाधा येते असे दिसले नाही. झटक्याने लावायच्या ताकदीची वाढ तेवढी थोडी मंदावते, तीही मुख्यतः दोन्ही प्रकार एकाच वेळी लागोपाठ उरकले तर. २०१२ च्या आढाव्यात सायकलपेक्षा धावण्याचा अडथळा जास्त दिसला होता, कारण प्रत्येक पावलाला जमिनीचा हिसका मांडीला सोसावा लागतो असे मानले जाते. म्हणून तिसरा दिवस हवाच असेल तर तो संध्याकाळचा ठेवा, सकाळच्या वजनांपासून किमान सहा तासांच्या अंतराने, आणि शक्य असेल तर विद्यापीठाच्या आवारातल्या मऊ मातीवर. वेगाची हौस मात्र आठवड्यातून एकदाच. मी स्वतः पन्हाळ्याचा चढ धावतो आणि दुसऱ्या दिवशी बैठकीचे वजन हातात घेत नाही.

वजनकाटा

पन्हाळा_पायवाट यांच्याशी सहमत आहे. मी दोन दिवस सांगितले ते शिरोली_नाका यांचे चार महिन्यांचे थकलेले पाय डोळ्यांसमोर ठेवून. पहिले सहा आठवडे दोनच, मग तिसरा. वजनकाट्यावर रोज उभे राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा आणि बारवरचा आकडा वहीत लिहा. कंबर उतरते आहे आणि बार चढतो आहे, तोवर वजनकाटा काय म्हणतो याला फारशी किंमत नाही. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. चाळिशीच्या तोंडावर आहात, तेव्हा एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

शिरोली_नाका

दहा आठवड्यांनी परत लिहितो आहे. वजन ७७ किलो, म्हणजे एकच किलो उतरले. कंबर ९५ वरून ९१ झाली. बैठक ७५ किलोच्या आठ होतात. बेंच प्रेस मात्र ५५ च्या पुढे हलायला तयार नाही आणि त्यात दोष माझाच आहे, कारण शुक्रवारची जिम तीनदा बुडाली. सोयाबीनचे वडे घरात कुणालाच आवडले नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी चिकन आणि जास्तीची दोन अंडी आली. तिसऱ्या दिवसाचे धावणे गेल्या आठवड्यापासून सुरू केले आहे, गुरुवारी संध्याकाळी, विद्यापीठात. चुलत्यांना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि जोर किती मारतोस, एवढेच विचारले. तेव्हा आता मंगळवारी धावून आल्यावर पन्नास जोर मारतो. बेंच प्रेस अडकण्याचे कारण ते तर नसेल ना, हे वजनकाटा यांनी सांगावे.

वजनकाटा

पन्नास जोरांनी बेंच प्रेस अडकत नाही, बुडालेल्या शुक्रवारांनी अडकतो. जोर चालू ठेवा, फक्त त्यांचा दिवस हलवू नका. मंगळवारच ठीक आहे. बारवर एकदम अडीचऐवजी एकूण सव्वा किलोच वाढवता येईल अशा लहान चकत्या मिळतात का पाहा. वरच्या अंगाच्या व्यायामात अडीच किलोची उडी पुष्कळदा मोठी पडते.