महामार्गात जमीन चाललीय आणि भाऊ हक्कसोडपत्र मागतायत. बहिणींचा हक्क नेमका किती, आणि आधी काय करायचं?

बांधावरची

एका कुटुंबाची अडचण मांडतेय. जिरायत शेती 5 एकर, एकच गट, पणजोबांपासून चालत आलेली. वडील 2003 मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. थोरलीचं लग्न 1989 मध्ये झालं, धाकटीचं 1997 मध्ये. 2004 च्या फेरफाराने सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं. आई आणि दोन्ही बहिणी "इतर हक्क" या रकान्यात आहेत.

आता राष्ट्रीय महामार्गासाठी दीड एकर जातोय. दावे मागवणारी जाहीर नोटीस पेपरात आली आहे. भाऊ म्हणतात, "मोबदला लवकर मिळायला हवा, हक्कसोड करून द्या, तुमचं तुम्हाला बघू." गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात: वडील 2005 च्या आधी गेले म्हणून मुलींना काही नाही, आणि थोरलीचं लग्न 94 च्या आधीचं म्हणून तिला तर मुळीच नाही. यात खरं काय? आणि सही करण्याआधी कोणत्या कचेरीत जायचं?

कलम_सहा

गावात सांगतात त्या दोन्ही गोष्टी एकेकाळी खऱ्या होत्या, म्हणूनच त्या अजून फिरतात. आज दोन्ही चूक आहेत.

1994 मध्ये महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून मुलींना जन्मतः हिस्सा दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. थोरलीला सांगतात ते इथून आलं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि कलम 6 मध्ये मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, ठरली. लग्न कधी झालं हा प्रश्नच त्यात उरला नाही.

वडिलांच्या मृत्यूचा मुद्दा 2015 च्या फुलवती निकालातला. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असले तरच मुलीला हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मोडीत काढलं. हक्क जन्माने येतो, त्यामुळे वडील 9 सप्टेंबर 2005 ला जिवंत असण्याची गरज नाही. कोणी अजूनही 2015 चा निकाल दाखवत असेल तर 2020 च्या निकालाची प्रत पुढे ठेवा.

अपवाद एकच आहे, पण मोठा. 20 डिसेंबर 2004 च्या आधी जमीन विकली गेली असेल किंवा वाटणी झाली असेल, तर ती उकरून काढता येत नाही. मात्र वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" एवढ्यावर भागत नाही. तोंडी वाटणी अपवाद म्हणूनच मानली जाते, तीही सरकारी कागदांतून भक्कम दिसत असेल तर. तुम्ही सांगता त्या सातबाऱ्यावर 2004 नंतरही एकत्र कुटुंबाचीच नोंद आहे, म्हणजे वाटणी झाली नव्हती याचा पुरावा भावांच्याच कागदात आहे.

हिशेब सोपा आहे. आई, दोन भाऊ, दोन बहिणी, पाच जण, प्रत्येकी 1/5. 5 एकर म्हणजे 200 गुंठे, त्यात प्रत्येकाचे 40. दीड एकर, म्हणजे 60 गुंठे, महामार्गात गेले तर 12 गुंठ्यांचा मोबदला एकेकीचा. उरलेल्या 140 पैकी 28 गुंठे जमीन एकेकीची. लग्नात झालेला खर्च यातून वजा होत नाही, मग तो कितीही वेळा ऐकवला जावो.

एक गोष्ट तपासून घ्या. घरात जिला "वडिलोपार्जित" म्हणतात ती प्रत्येक जमीन कायद्याने वडिलोपार्जित नसते. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची मानली जाते. तिथे मुलीला जन्मतः हक्क नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर कलम 8 प्रमाणे हिस्सा समानच मिळतो, पण मृत्युपत्राने ते सगळी जमीन एकट्या मुलाला देऊ शकले असते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र मृत्युपत्र फक्त वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं चालतं. म्हणून जुने फेरफार काढून जमीन घराण्यात कशी आली ते आधी पाहा.

आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला हा कायदा कलम 2(2) मुळे थेट लागूच होत नाही. तिथला मार्ग वेगळा आहे, हे वाचून कोणी चुकीच्या वाटेने जाऊ नये.

गट_नंबर

कायदा वर आलाय, मी कचेऱ्यांचं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. सातबारा नंतर दुरुस्त करता येतो, पण मोबदल्याची रक्कम एकदा भावाच्या खात्यात गेली की ती परत मिळवायला दावाच लावावा लागतो. म्हणून आधी भूसंपादन.

पेपरातली ती नोटीस राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 च्या कलम 3 जी(3) खालची असावी. त्या नोटिशीने जमिनीत हितसंबंध असलेल्या सगळ्यांकडून दावे मागवतात, फक्त कब्जेदाराकडून नाही. दिलेल्या तारखेला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, बहुतेक ठिकाणी हे उपविभागीय अधिकारी असतात, दोघी बहिणींनी आणि आईने वेगवेगळे लेखी अर्ज द्यावेत. अर्जात गट नंबर, संपादित क्षेत्र, वंशावळ, स्वतःचा 1/5 हिस्सा आणि "आमच्या हिश्श्याची रक्कम दुसऱ्या कोणास अदा करू नये" हे वाक्य हवं. सोबत सातबारा, 2004 च्या फेरफाराची नक्कल, मृत्यूचा दाखला. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. वाटपावर वाद राहिला तर कलम 3 एच(4) प्रमाणे प्राधिकाऱ्याने तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा असतो. अर्जात या कलमाचा उल्लेख करून तशी विनंतीच करा.

आता सातबारा. "इतर हक्क" रकान्यात बहिणींची नावं टाकणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. कायद्याने हिस्सा जात नाही, पण व्यवहारात तिची जमीन जणू भावाचीच होऊन बसते. नोटिसा भोगवटादाराच्या नावाने निघतात, पीककर्ज त्याला मिळतं, खरेदीदारही त्यालाच गाठतो. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक. तो एकटा मालक नव्हे, पण सातबारा वरवर वाचणाऱ्याला मालकच वाटतो.

ही नोंद कमी करून सर्व वारसांची नावं भोगवटादार रकान्यात लावण्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतूनही तो भरता येतो. लागणारे कागद: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ (खातेउतारा). नोंद फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना 6 ला पडते, नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतात. भावांनी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त नोंदींत जाते आणि सुनावणी लागते. तेव्हा घाबरायचं कारण नाही, तारखेला हजर मात्र राहायचं.

गाडी अडते ती इथे: अर्जात एक वारस गाळलेला असतो. बहुतेक वेळा मयत बहिणीची मुलं. एक नाव कमी असलं तरी नोंद रद्द होऊ शकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

2004 च्या मूळ फेरफाराविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 चं अपीलही उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येतं. मुदत 60 दिवसांची, ती केव्हाच गेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल. त्या वेळी नमुना 9 ची नोटीस बहिणींना बजावलीच नव्हती, हा तिथला सर्वांत बळकट मुद्दा. नोटिशीची स्थळप्रत माहिती अधिकारात मागा.

हेही ध्यानात असू द्या की फेरफाराने मालकी तयार होत नाही आणि बुडतही नाही. ती महसुलाची नोंद आहे. हिश्श्याचा अखेरचा निर्णय दिवाणी कोर्टाचाच.

सूची_दोन

हक्कसोडपत्राबद्दल कळकळीने लिहितो, कारण एकदा ते झालं की वरचे सगळे अर्ज पोकळ ठरतात.

शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला हक्कसोड कायद्याने निरुपयोगी आहे. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, नोंदणी कायदा कलम 17. असा कागद आधीच झालेला असेल तर हक्क गेला असं समजून गप्प बसू नका. नोंदलेला दस्त मात्र पक्का. दुय्यम निबंधकापुढे फोटो आणि अंगठा होतो, ओळख पटवणारे दोघे शेजारी उभे असतात आणि "दस्त तुम्हीच लिहून दिला का, मजकूर मान्य आहे का" असं विचारलं जातं. तिथे "मला मान्य नाही" म्हटलं तर कलम 35 प्रमाणे तिच्यापुरती नोंदणी नाकारली जाते. भावाच्या गाडीतून आलेल्या, भावाच्याच वकिलाने लिहिलेला मजकूर न वाचलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

दुसरी अडचण "विनामोबदला" या शब्दाची. भाऊ-बहिणींतल्या विनामोबदला हक्कसोडाला मुद्रांक नाममात्र लागतो, पैसे घेतल्याचं लिहिलं की बाजारमूल्यावर शुल्क येतं. म्हणून तोंडी ठरतं पाच लाखांचं आणि दस्तात लिहिलं जातं "नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला". पुढे रक्कम आली नाही तर तिच्याच सहीचा कागद तिच्या विरुद्ध उभा राहतो. पैसे ठरले असतील तर ते दस्तात लिहा, चेकचा नंबर टाका आणि शुल्क भरा. शुल्क वाचवण्यात फायदा भावाचा आणि धोका सगळा बहिणीचा.

तिसरं, "भूसंपादनाच्या कामापुरतं" म्हणून मागितलेलं कुलमुखत्यारपत्र. त्यात विक्री, हक्कसोड आणि मोबदला स्वीकारणं, तिन्ही अधिकार घुसवलेले असतात. द्यायचंच झालं तर एका कामाचं विशेष मुखत्यारपत्र द्या, आणि रक्कम तिच्याच बँक खात्यात जमा होईल असं त्यात लिहा.

आधी काही नोंदलं गेलंय का हे पाहायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट टाकून सूची क्र. 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. फसवून सही घेतल्याचं निघालं तर दस्त रद्द करण्याचा दावा ते कळल्यापासून 3 वर्षांत लावायचा. "कधी कळलं" यावरच असे दावे तुटतात, म्हणून सूची काढल्याची तारीख दाखवणारी प्रत जपून ठेवा.

आणि दावा लावावाच लागला तर सगळ्या मिळकती आणि सगळे वारस एकाच दाव्यात घ्या, राहतं घरसुद्धा. घराची वाटणी मुलीला मागता येत नाही हे हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं जुनं कलम 23, ते 2005 मध्ये वगळलंय. दावा लागला म्हणून विक्री थांबते असं समजू नका. आपल्या राज्यात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली, तरच नंतरच्या खरेदीदारावर कोर्टाचा निकाल बंधनकारक होतो. लिस पेंडन्सची ही नोंदणी वकीलही विसरतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

मांडवीकाठ

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच: आमच्याकडे हिंदू उत्तराधिकार कायदा नव्हे, 2012 चा गोवा उत्तराधिकार कायदा चालतो. मुलगा-मुलगी समान, आणि मुलं असतील तर मृत्युपत्राने अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. हक्क सोडायचा तर विशेष नोटरीपुढे, आणि नवरा किंवा बायकोचीही सही लागते. कोकणातलं माहेर आणि गोव्यातलं सासर असेल तर दोन्हीकडचे नियम एकात मिसळू नका.

बांधावरची

सगळ्यांचे आभार. अर्ज तिघींचे वेगवेगळे करतोय. अजून एक विचारते. थोरलीला शेत नकोच आहे. माहेर टिकावं, भाऊबीज चालू राहावी आणि आईचं नीट व्हावं एवढीच तिची इच्छा. तिने हक्कसोड करावं का, आणि केलं तर कसं?

कलम_सहा

करू द्या, तो तिचा निर्णय आणि त्यात गैर काही नाही. हक्क माहीत असताना सोडणं वेगळं. फक्त घाई नको. आधी भूसंपादनाचा निवाडा होऊन तिचे पैसे तिच्या खात्यात येऊ द्यात, मग दस्त करा. दस्तात "माझा सर्व हक्क" असं मोघम लिहू नये. गट नंबर, उरलेलं क्षेत्र आणि त्यातला 1/5 हिस्सा लिहावा. मोबदला आणि पुढे वाढीव मोबदला आला तर तो यात नाही, असंही लिहावं. कोणाच्या लाभात सोडतेय ते नावानिशी येऊ द्या. एका भावाला द्यायचा की आईला, तिने ठरवावं. महामार्गामुळे धाकटीचा हिस्सा कमी होऊन तुकडेबंदीच्या मर्यादेखाली जातोय का तेही पाहा. जिरायतीला बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, 20 गुंठे आहे, तिचे 28 आहेत, तेव्हा ती अडचण इथे नाही.

आईचा हिस्सा मात्र कोणी मागू नये आणि आईने देऊही नये, निदान आत्ता. तिला द्यायचाच असेल तर दस्तात सांभाळाची अट शब्दांत हवी: राहणं, जेवण, औषधपाणी, कोण करणार. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण असं हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. पण ती अट होती, हे 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दाखवावं लागतं, आणि दस्तात लिहिलेली अट दाखवणं सर्वांत सोपं. "मुलगा आहे, बघेलच" असं गृहीत धरून केलेले दस्त तिथेच अडकतात.