मदत हवी आहे: परिषदेतल्या सत्राचा गोषवारा कसा लिहू? (मसुदा सोबत दिला आहे)

रिवाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि घरची शेती आहे. पुण्यात मुक्त हार्डवेअर-सॉफ्टवेअरवर एक परिषद होणार आहे, तिच्यासाठी सत्रांचे प्रस्ताव मागवलेत. 25 मिनिटं बोलायचं, 5 मिनिटं प्रश्नोत्तरं. फॉर्ममध्ये तीन रकाने आहेत: शीर्षक, 150 शब्दांत गोषवारा आणि निवड समितीसाठी टीप. रविवारी रात्री 12 ला मुदत संपते.

विषय असा. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज लाईन पाळीनं असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली तरी लाईन नेमकी कधी येईल आणि मधेच जाईल का, याचा नेम नसतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून कास्तकार थंडीत विहिरीपाशी जाऊन बसतो. साप, रानडुकरं, सगळं आलंच त्यात. आम्ही गावातल्या पोरांनी मिळून स्टार्टरच्या पेटीत बसेल असं एक यंत्र बनवलं. तिन्ही फेज आल्या की ते गावातल्या घरी रेडिओनं निरोप पाठवतं आणि घरचा बझर वाजतो. एखादी फेज उडाली तर वेगळा आवाज. वावरात मोबाइलची रेंज नाही, म्हणून लोरा घेतलं, म्हणजे कमी विजेवर लांबवर निरोप पोचवणारा रेडिओ. ईएसपी32 (कोड चालवणारी छोटी चिप), एसएक्स1276 चं लोरा मॉड्यूल, प्रत्येक फेजला एक ऑप्टोकपलर (जास्त व्होल्टेजची बाजू वेगळी ठेवून उजेडानं खूण पुढे देणारा भाग) आणि 18650 चा रिचार्ज होणारा सेल. सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी खुले आहेत.

आतापर्यंत लिहिलेलं असं:

*शीर्षक: ग्रामीण भारतासाठी लोरा आधारित आयओटी स्मार्ट कृषी प्रणाली*

*भारत हा कृषिप्रधान देश आहे. आजच्या डिजिटल युगात शेतीमध्ये तंत्रज्ञानाचा वापर ही काळाची गरज बनली आहे. सदर सत्रात आम्ही विकसित केलेल्या अभिनव व किफायतशीर प्रणालीची माहिती देण्यात येईल. लोरा म्हणजे काय, आयओटी म्हणजे काय, प्रणालीची रचना, फायदे आणि भविष्यातील व्याप्ती यांवर प्रकाश टाकण्यात येईल.*

यात खोटं काही नाही, पण यानं कुणाला सत्राला यावंसं वाटेल असं मला वाटत नाही. काय बदलू?

आणखी एक. ज्या गोष्टीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, ती यात बसवावी की नाही ते कळत नाही. पऱ्हाटी गुडघ्याएवढी होती तोवर (पऱ्हाटी म्हणजे कपाशी) विहिरीपासून घरापर्यंत, म्हणजे दीड किलोमीटर, निरोप बिनचूक यायचा. दिवाळीनंतर मधल्या वावरांतली तूर डोक्याच्या वर गेली आणि निरोप गळायला लागले. हरभऱ्याचं रात्रीचं ओलीत नेमकं त्याच दिवसांत असतं. शेवटी अँटेना पेटीवरून काढून बांबूवर चढवली, तेव्हा जमलं. पण एवढी बारीक गोष्ट परिषदेत कोण ऐकणार, म्हणून मसुद्यात घेतली नाही.

निवडसमितीत_होते

भाऊ, तुमचा गोषवारा तुम्ही लिहून ठेवला आहे, फक्त तो मसुद्याच्या खाली आहे. «पऱ्हाटी गुडघ्याएवढी होती तोवर» इथून पुढचं पुन्हा वाचा. लोरा म्हणजे काय हे कुणीही सांगू शकेल. तूर वाढली की सिग्नल तुटतो आणि गरज नेमकी तेव्हाच असते, हे शेतात यंत्र लावून हंगामभर थांबलेलाच सांगू शकतो. समिती हेच शोधत असते.

मी अशा समित्यांवर काम केलं आहे. प्रस्तावांचा ढीग असतो आणि बहुतेकांची पहिली दोन वाक्यं एकसारखी असतात. «कृषिप्रधान देश» आलं की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. तुमची पहिली दोन वाक्यं अडचण सांगण्यात खर्च करा, तीही तुमच्या गावची. देशाची नको.

हाच मजकूर पुढे वेळापत्रकात छापला जातो. दोन सत्रांच्या मधल्या दहा मिनिटांत, हातात चहा घेऊन, माणूस मोबाइलवर तो वाचतो आणि कोणत्या दालनात शिरायचं ते ठरवतो. म्हणून «माहिती देण्यात येईल», «प्रकाश टाकण्यात येईल» काढा. तुम्ही काय सांगणार यापेक्षा ऐकणाऱ्याला उठताना काय करता येऊ लागेल, ते लिहा.

उत्तर राखून ठेवू नका. अँटेना उंच केल्यावर जमलं हे सरळ सांगून टाका. रहस्य कळलं म्हणून कुणी सत्र सोडत नाही, उलट हा माणूस उत्तरापर्यंत पोचला आहे अशी खात्री पटते.

एक विचारते. सिग्नल कमी होत गेल्याच्या नोंदी तुमच्याकडे आहेत का? असतील तरच त्या दाखवू असं लिहा. जे झालेलं नाही ते परिषदेपर्यंत होईल या भरवशावर गोषवाऱ्यात घालू नका.

रिवाइंडिंगवाला

नोंदी आहेत ताई. घरच्या यंत्रात मेमरी कार्ड टाकलं होतं. प्रत्येक निरोपाची तारीख, वेळ, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) त्यात आहे. पेरणीपासून तूर कापणीपर्यंतचं सगळं.

हॅम_वर्धा

मग हे सोनं आहे. थोडं रेडिओच्या बाजूनं सांगतो, म्हणजे दावा पक्का होईल.

आपल्याकडे लोरासाठी विनापरवाना पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे तरंगलांबी साधारण 35 सेंटिमीटर. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं असं बरेच जण धरून चालतात, पण त्या रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. दीड किलोमीटर अंतराला मधोमध त्याची त्रिज्या 11 मीटरच्या वर जाते. त्यातला निदान 60 टक्के भाग मोकळा असावा असा ठोकताळा आहे. पेटीवरची अँटेना जमिनीपासून जेमतेम चार फूट असणार, म्हणजे तुमचा झोन आधीच जवळपास अर्धा जमिनीत होता. पऱ्हाटी लहान होती तोवर लोराच्या संवेदनशीलतेनं तुम्हाला तारून नेलं. तूर आली, पानांतलं पाणी सिग्नल शोषायला लागलं आणि उरलीसुरली शिल्लक संपली.

स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे निरोप किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारी लोराची पायरी, वाढवून पाहिला होता का? एक पायरी वर गेलं की साधारण अडीच डेसिबल हाती लागतात, पण निरोप हवेत जवळपास दुप्पट वेळ राहतो आणि सेल तेवढा जास्त खर्च होतो. पाहिला असेल तर तेही गोषवाऱ्यात घ्या. तंत्रज्ञ लोक अशा देवाणघेवाणीसाठीच येतात.

रिवाइंडिंगवाला

पाहिला होता जी. 7 वरून 10 पर्यंत नेला. निरोप पुन्हा यायला लागले, पण सेल लवकर उतरायचा. बांबूनंतर परत 7 वर आणला.

दुसऱ्या_वर्षाची

दादा, मी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. मला सांगावंसं वाटतं की «आयओटी स्मार्ट कृषी प्रणाली» या नावाचे प्रकल्प आमच्या वर्गातच कितीतरी आहेत आणि सगळ्यांचे टेबलावर चालतात. शीर्षकात तूर दिसली तर मी नक्की थांबेन. पण हे मला झेपेल का, ही भीती वाटते. मी आर्डुइनोवर (शिकताना वापरतात त्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर) काम केलंय, लोरा कधी हाताळलं नाही. असं कुणी आलं तर चालेल का, ते एका ओळीत लिहाल का?

ओलीतवाला_वरूड

शंका विचारतो, राग मानू नका. ऑटो स्विच लावला की लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. मग बझर कशाला? पुण्यात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

रिवाइंडिंगवाला

बरोबर आहे भाऊ. पण हरभऱ्याला आम्ही स्प्रिंकलर लावतो, त्याचे पाइप उचलून पुढच्या जागी नेऊन लावायला माणूस लागतोच. मोटर आपोआप चालू झाली आणि माणूस घरी झोपलेला, तर रात्रभर एकाच जागी पाणी. शिवाय सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी उचलल्या की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो. ती जळाली की सगळ्यांचंच ओलीत थांबतं.

दुसरं, ऑटोवर टाकलेल्या मोटरीची एक फेज उडाली आणि संरक्षण नसलं की काय होतं ते माझ्या टेबलावर येतं. स्टार जोडणीची मोटर उघडली की दोन फेजची गुंडाळी कोळशासारखी काळी आणि तिसरी जशीच्या तशी पिवळी. ती पाहिली की समजायचं, ही सिंगल फेजिंगनं गेली.

निवडसमितीत_होते

हे शेवटचे दोन्ही परिच्छेद निवड समितीच्या टीपेत टाका, जवळपास याच शब्दांत. हा विषय तुम्हीच का मांडावा, याचं उत्तर त्यात आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार, मग याचा उपयोग काय, असंही कुणी विचारेल. त्याचंही दोन ओळींत उत्तर टीपेतच द्या, गोषवाऱ्यात नको. 25 मिनिटांची विभागणीसुद्धा तिथेच. अनेक ठिकाणी पहिल्या फेरीत परीक्षकांना नावं दाखवत नाहीत, तेव्हा गोषवाऱ्यात स्वतःचं किंवा दुकानाचं नाव येऊ देऊ नका.

रिवाइंडिंगवाला

सगळ्यांचं ऐकून नव्यानं लिहिलं. बघा बरं:

*शीर्षक: तूर वाढली की सिग्नल का तुटतो? उभ्या पिकातून लोरा*

*शेतीपंपाची थ्री फेज लाईन रात्री कधी येईल याचा नेम नसतो. ती आली की दीड किलोमीटरवरच्या घरात बझर वाजवणारं यंत्र आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बसवलं. मोबाइलची रेंज नाही, म्हणून लोरा वापरलं. पावसाळ्यात ते बिनचूक चाललं. हिवाळ्यात तूर डोक्याच्या वर गेली आणि निरोप गळू लागले, ऐन ओलिताच्या दिवसांत. अँटेना बांबूवर चढवल्यावर ते पुन्हा सुरळीत झाले.*

*या सत्रात पेरणीपासून तूर कापणीपर्यंतच्या सिग्नलच्या नोंदी उघडून पाहू: पीक वाढताना ताकद कशी उतरली, स्प्रेडिंग फॅक्टर वाढवल्यावर सेलचं काय झालं, उंचीनं किती फरक पडला. तुमच्या जागेसाठी अँटेना किती उंच हवी याचा हिशेब तुम्हाला कागदावर करता येईल. तिन्ही फेज ओळखणारं सर्किट आणि कोड घरी नेता येईल.*

*आर्डुइनो किंवा ईएसपी32 वर एकदा तरी कोड चढवला असेल तर पुरे. लोरा माहीत नसलं तरी चालेल.*

दुसऱ्या_वर्षाची

दादा, मी येणार.

हॅम_वर्धा

छान झालं. फक्त ते सर्किट घरी नेऊन कुणी थेट 415 व्होल्टला जोडेल. «सुरक्षित अंतर आणि फ्यूजसह» एवढे शब्द घाला, 150 च्या आत बसतील.

रिवाइंडिंगवाला

घालतो. शेवटचं विचारतो, प्रात्यक्षिक दाखवू असं लिहू का? पुण्याच्या सभागृहात थ्री फेज कुठून आणणार?

निवडसमितीत_होते

थ्री फेज लागणारच नाही. ऑप्टोकपलरच्या पुढचा भाग न्या, तीन फेजच्या जागी 5 व्होल्टवरचे तीन स्विच लावा आणि बझर सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कुणाच्या तरी हातात द्या. टीपेत लिहा: «प्रात्यक्षिक 5 व्होल्टवर, इंटरनेट लागणार नाही.» आयोजकांना हे वाक्य फार आवडतं. आणि रविवारची वाट पाहू नका, शेवटच्या रात्री फॉर्म अडकतात. आजच भरून टाका.