शिफ्ट दर आठवड्याला बदलते, अभ्यासाचं रुटीन बसवायचं कसं?

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते, पहिली, दुसरी, मग रात्रपाळी. सोबत एफडीएची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट या कारकुनी पदाच्या परीक्षेची तयारी करायलोय, शिक्षण सगळं मराठीतून झालेलं त्यामुळं कन्नडच्या सक्तीच्या पेपरला रोज थोडा तरी वेळ द्यावाच लागतो. पहाटे साडेपाच ते साडेसात अभ्यास असा टाइमटेबल भिंतीवर लावलाय, दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तो झकास चालतो आणि सोमवारी शिफ्ट बदलली की सगळं कोलमडतं. यूट्यूबवर जो तो सांगतोय रोज एकच वेळ पाळा, तीच शिस्त. मग शिफ्टवाल्यांनी काय करायचं? कुणी जमवलंय का?

गणपतगल्ली:
भावा, अभ्यास घड्याळाला बांधू नको, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांध. शिफ्ट कुठलीही असू दे, घरी येऊन डबा मोरीत ठेवणं, हातपाय धुणं, चहा हे होतंच की नाही? मग चहाचा कप खाली ठेवला की कन्नडची वही उघडायची, वाजले किती ते बघायचंच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2009 चा एक अभ्यास आहे, 96 लोकांनी एकेक नवीन सवय अशीच नाश्त्यानंतर वगैरे जोडून रोज करून बघितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला, म्हणजे ते 21 दिवसांचं जे सगळीकडं फिरतंय ते डोक्यातून काढ. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही हेही त्यात दिसलंय. त्यामुळं सोमवारी गाडी अडली तर मंगळवारी पुढं चालू करायचं, नवीन टाइमटेबल लिहीत बसायचं नाही.

खानापूरची_लेक:
वरचं बाकी सगळं पटलं पण रात्रपाळीला ते लावू नका दादा. मी नर्स आहे, खानापुरातून येऊन जाऊन करते, नाईट करून आल्यावर चहा पिऊन वाचायला बसलं तर डोळ्यासमोर अक्षरं नुसती हलतात. त्या आठवड्यात आधी झोप, खोलीला जाड पडदा, मोबाईल दुसऱ्या खोलीत, घरच्यांना सांगून ठेवायचं की दुपारपर्यंत हाक मारू नका. अभ्यास उठून जेवल्यावर. आमच्या किचनमधल्या कॅलेंडरवर मी महिन्याच्या ड्युट्या आल्या की लगेच तीन रंगांनी खुणा करते, हिरवा म्हणजे दोन तास, निळा म्हणजे अर्धा तास, लाल म्हणजे फक्त दहा मिनिटं. जुलैत पाऊस लागला की बसचा भरवसा नसतो, तेव्हा आठवडाच्या आठवडा लाल जातो, तरी ती दहा मिनिटं मी सोडत नाही. लाल दिवस आधीच ठरलेला असला की मनाला लागत नाही. आयत्या वेळी ठरवलं की मात्र रोजच लाल होतो बघा, म्हणून रंग बदलायची मुभा मी स्वतःला देत नाही.

वडगाव_माग:
आमच्याकडं माग आहेत, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. वडिलांनी कायमचं ठरवून ठेवलंय, लाईट गेली की तुटलेले धागे सांधायचे, झाडलोट, तेलपाणी, हिशोबाची वही. लाईट असली की फक्त विणकाम. आता काय करू असं कुणी विचारतच नाही. तुम्ही पण अभ्यासाचे दोन भाग करा, डोकं ताजं असताना गणित आणि बुद्धिमत्ता, दमल्यावर कन्नड शब्द आणि चालू घडामोडी.

अनगोळकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं पटलं, पडदा आणायलाच पाहिजे, आमच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. आता असं ठरवलंय, पहिल्या शिफ्टला चहानंतर दोन तास, दुसरीला सकाळी, रात्रपाळीला जेवून अर्धा तास फक्त कन्नड. कन्नड शब्दांच्या चिठ्ठ्या करून शर्टाच्या खिशात ठेवतो, डब्याच्या सुट्टीत होतील. एकच शंका, रविवार मोकळा ठेवू की राहिलेला अभ्यास त्यात भरू?

खानापूरची_लेक:
मोकळा ठेवा. त्यात आठवड्याचं राहिलेलं भरायला लागलात की शनिवारपर्यंत रोज रविवारवर ढकलत जाल. फार तर संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे रंग भरा, तेवढंच.