गरोदरपणात साखर वाढलीय: नाचणीची पेज प्यावी की भाकरी खावी?

उत्तरेश्वरची सून: सातवा महिना चालू आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १५२ आली, १४० च्या आत हवी होती. काकवी, उसाचा रस बंद केलाय. पण सासूबाई मायेनं सगळं पचायला हलकं करून देतात: सकाळी नाचणीची पेज, दुपारी गुरगुट्या भात, संध्याकाळी मोसंबीचा रस. धान्य तेच, फळ तेच, मग नुसतं पातळ केल्यानं फरक पडतो का? बाळाला काही होतं का?

शाहूपुरीकर: ताई, फरक पडतो. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि हा प्रश्न फार कमी जणी विचारतात याचं मला वाईट वाटतं. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये काही निरोगी माणसांना सफरचंद तीन तऱ्हांनी दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. पिष्ट-साखर तिन्हींत सारखी. रसानं पोट सर्वांत कमी भरलं, इन्सुलिन जास्त उसळलं आणि नंतर साखर झपकन घसरली. म्हणजे थोड्याच वेळात पुन्हा भूक. तांदळाचंही तसंच, पीठ करून शिजवला की साखर अख्ख्या दाण्यापेक्षा जास्त चढते.

बाळाचं म्हणाल तर आईची साखर वारेतून पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन बनवतं आणि अंगावर चरबी धरतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र उरतं, म्हणून अशा बाळाची साखर जन्मल्यावर खाली जाऊ शकते. टाचेतून रक्त घेऊन तपासतात ते यासाठीच.

कसबा बावड्याची: मग भाकरी बिनधास्त खायची ना?

शाहूपुरीकर: बिनधास्त नको. भाकरीचं पीठही दळलेलंच असतं. पण ती चावावी लागते, आणि सोबत अख्खा मसूर किंवा मटकीची उसळ जाते. पीठ चाळून कोंडा टाकू नका. मोसंबी सोलून फोडी खा.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका. घरी ग्लुकोमीटर आणा. एक दिवस पेज, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच नाचणीची भाकरी आणि मसूर, दोन्हींनंतर दोन तासांनी मोजा. १२० च्या आत हवी. आकडे त्यांनाच वाचायला द्या, वही डॉक्टरांना दाखवा.

उत्तरेश्वरची सून: मीटर आजच आणते. ताकातली आंबील चालेल का?

शाहूपुरीकर: वाटीभर, जेवणाबरोबर. तिचाही आकडा वहीत लिहा.