खापर शेवभाजीवर नको
भाऊ, भाच्याला २२व्या वर्षी बीपी, वरून पोटॅशियम कमी, म्हणून घरच्यांनी शेवभाजी-पापड बंद केले म्हणता, मीठ कमी केलं ते बरंच पण खापर सगळं शेवेवर नका फोडू. किडनीत सोडियम परत आत ओढणारं एक चॅनल राहतं, अल्फा, बीटा, गॅमा असे तीन भाग, बीटाचा जीन एससीएनएन१बी, १६ नंबरच्या क्रोमोसोमवर. त्या बीटा भागाची शेपटी तुटकी निघाली की चॅनल पेशीवरून वेळेवर काढलंच जात नाही अन् मीठ आत येतच राहतं, त्यानं बीपी चढतं अन् पोटॅशियम घटतं, याला लिडल सिंड्रोम म्हणतात, १९६३ पासून माहीत आहे. रक्ताच्या तपासणीत रेनिन अन् अल्डोस्टेरॉन (शरीरातलं मीठ अन् बीपी सांभाळणारे) दोन्ही कमी आले तर किडनीच्या डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा, कारण यात स्पायरोनोलॅक्टोन या औषधाचा उपयोग नाही, अमिलोराइड हे औषध चालतं. आजार दुर्मिळच, पण आईबापातल्या एकाकडून आला तरी पुरतो, ताईंचं बीपी मोजलंय का कधी?