फ्रीलान्स लेखन, भटकंती आणि सुट्टी: तुमचे अनुभव

मांजराकाठची
काल येळवस (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) झाली. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेतलेली आई, आणि मला आठवली तीन वर्षांमागची येळवस. भज्जी (येळवशीची मिसळीची भाजी) वाढायला आणि संपादकांचा फोन वाजायला एकच गाठ. "मॅडम, छोटासाच बदल आहे." बांधावर रेंज शोधत 600 शब्द अंगठ्याने टाइप केले. आई ओरडत होती, "त्या डबड्याला म्हणावं आज येळवस हाय!" परत आले तर सगळे आडवे झालेले. माझं ताट दादांनी पत्रावळीखाली झाकून ठेवलं होतं, भज्जी थंडगार. त्या लेखाचे पैसे चार महिन्यांनी आले.
तुम्ही सुट्टी कशी काढता? लिहा.

दुधनेचा
भज्जीवर अडकलो, पुढचं वाचलंच नाही. ताक घातलं का चिंच?

लेणीवाला
संभाजीनगरला राहतो, म्हणजे बारमाही पाहुणे. एका मासिकाला वेरूळवर लेख दिला होता, त्यात ठळक लिहिलं, मंगळवारी बंद. पुढे कामाच्या गडबडीत वार विसरलो आणि पुण्याच्या सहा जणांना नेमकं मंगळवारीच घेऊन गेलो. घृष्णेश्वराच्या दर्शनावर भागवलं. मेहुण्याने गाडीत माझाच लेख मोबाइलवर काढून मोठ्याने वाचला.
आता सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते, उलटं करू नका.

चहा_बिनसाखर
😂😂 लेणीला पण आठवड्याची सुट्टी आहे बघा. आपल्याला?

नांदेडी
तपोवन एक्स्प्रेसमध्ये लिहू म्हणलं. सकाळी नांदेड, रात्री मुंबई, अख्खा दिवस मोकळा. परभणीला एक काकू शेजारी आल्या. "काय करायलाव?" लिहायलो म्हणलं. "मग आमच्या सुनंचं लिव्हा की." मनमाडपर्यंत सून. लेख 200 शब्द. सून मात्र चांगली असावी असं माझं मत झालं.

आकडेमोड
कामाचं बोलतो. फीमधून 10 टक्के टीडीएस (आधीच कापलेला प्राप्तिकर) कापतात ना, ते मी माझे धरतच नाही. रिटर्न भरलं, रिफंड आला की तो सहलीचा. मागल्या पावसाळ्यात त्यातच नळदुर्ग झालं. नर-मादी धबधबा दोन्ही अंगांनी कोसळत होता, फोन मुद्दाम गाडीत ठेवला. फक्त कापलेला टीडीएस आपल्या नावावर सरकारकडे जमा झालाय का, ते बघत जा. एकाने माझे कापले होते, भरलेच नव्हते. आठ महिने मागं लागलो.

चहा_बिनसाखर
ताई, शब्दाला किती घेता?

मांजराकाठची
व्यक्तिगत निरोप करते.

दुधनेचा
भज्जीचं राहिलं.

मांजराकाठची
@दुधनेचा चिंच ओ, आणि तुरीचे ओले दाणे भरपूर. आंबील आज जास्त आंबलीय, तीच पितेय. नांदेडी, सुनेचं खरंच लिहा.
थांबा, मेसेज आलाय. "अर्जंट." तांब्या रिकामा झाला की बघते.