बिल शून्य, खरं लाईट दोन-दोन दिवस नाही. बॅटरीवालं सोलर घ्यावं का?

जांबोटीची सून, १८ मार्च

नमस्कार. आमचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबी रस्त्यावरनं आत दीड किलोमीटर. घरात मी, सासूबाई आणि दोन मुलं. मालक गोव्याला कामाला, शनिवारी रात्री येतात. सासूबाईंना दमा आहे. गेल्या आषाढात लाइनीवर झाड पडलं आणि दोन रात्री लाईट नव्हती. दुसऱ्या रात्री त्यांना धाप लागली. नेब्युलायझर हातात होता, खरं प्लगात करंट नाही. शेजारच्या भावोजींनी गाडी काढून खानापूरला पोचवलं. ती रात्र मला परत नको आहे.

बेळगावचा एक डीलर घर बघून गेला. तीन किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनीला जोडलेलं सोलर घ्या, एक लाख नव्वद हजार होतील, त्यातले ७८ हजार केंद्राचं अनुदान मिळेल, मग लाईटची काळजीच नाही म्हणाला. भाऊ म्हणतो लिथियम बॅटरी घे. आमचं वापर महिन्याला साठ-पासष्ट युनिट, कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळं बिल शून्य येतं. घर मंगळुरी कौलांचं, मागच्या खोलीवर आणि न्हाणीवर तेवढा स्लॅब. फ्रिज आहे, विहिरीवर एक एचपीची मोटर आहे. पैसे भिशीचे आणि थोडं सोसायटीचं कर्ज. चुकलं तर परत जमवायला तीन वर्षं जातील, म्हणून सविस्तर सांगा.

येळ्ळूरकर, १८ मार्च

ताई, सही करू नका अजून. माझ्याकडं ऑन-ग्रिडच आहे. बाहेरची लाईट गेली की ते आपोआप बंद पडतं, कितीही ऊन असू दे. तसा नियमच आहे, नाहीतर आपल्या पॅनलचा करंट लाइनीत उलटा जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. मला विकणाऱ्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी पंखा बंद झाला आणि मी गच्चीवर जाऊन पॅनलकडं बघत उभा राहिलो. माझं बिल मात्र खूप उतरलं, कारण घरात शिलाईची चार मशिनं आहेत, वापर दोनशे युनिटच्या वर जातो, गृहज्योती लागू नाही. तुमची गरज वेगळी आहे.

खानापूरचा वायरमन, १९ मार्च

ताई, येळ्ळूरकरांचं बरोबर आहे. ऑन-ग्रिड हे बिल कमी करायचं साधन. तुमचं बिल शून्य. तुम्हाला पाहिजे ती बॅटरी, आणि तिला मदत म्हणून दोन पॅनल.

तालुक्याच्या पश्चिम भागात मी वीस वर्षं वायरिंग करतोय. तुमच्याकडं लाईट जाते ती आषाढ-श्रावणात, आणि पॅनलला ऊन नसतं तेही त्याच दिवसांत. एक किलोवॅटचे पॅनल मार्चमध्ये दिवसाला चार-पाच युनिट देतात. कणकुंबीकडं झड लागली की तेच एक युनिटसुद्धा देत नाहीत. म्हणून आधी बॅटरीचा हिशोब करायचा, पॅनलचा मागनं.

तुमच्या घराचा मी असा धरतो. नऊ वॅटचे चार बल्ब सहा तास, म्हणजे २१६ वॅट-तास. बीएलडीसीचे (कमी वीज खाणारे) दोन पंखे दहा तास, सहाशे. वायफायचा डबा दिवसभर, २४०. नेब्युलायझर दीडशे वॅटचा धरला आणि सगळा मिळून तासभर लावला तरी दीडशेच. मोबाईल पन्नास. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे झाले सव्वा युनिट. आता जे कुणी सांगत नाही ते ऐका: इन्व्हर्टर स्वतः जागं राहायला तीस-चाळीस वॅट खातं, म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट. एकूण सव्वादोन.

५१.२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. त्यातली ८० टक्के वापरायची धरली तर चार. म्हणजे पावणेदोन दिवस, तुमच्या दोन रात्री निघतात. त्यात फ्रिज जोडला तर रोज एक-सव्वा युनिट वाढलं, मग दुसरी रात्र निघत नाही. मोटर तर लावूच नका, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. फ्रिज आणि मोटर नेहमीच्या लाइनीवर, बाकीच्यासाठी वेगळा बोर्ड.

इन्व्हर्टर असं घ्या की जे पॅनलवरनंही बॅटरी भरेल आणि केईबीच्या (बाहेरच्या लाइनीच्या) लाईटवरनंही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सेटिंग बदलायचं: लाईट असेल तेव्हा घर लाईटवर, बॅटरी कायम भरलेली. दिवाळीनंतर परत सोलरवर.

निपाणीचा, १९ मार्च

लिथियम महाग पडतं. माझ्याकडं दोन ट्यूब्युलर (ॲसिड-पाण्याच्या) बॅटऱ्या १५० एएचच्या आहेत, सहा वर्षं झाली, काही तक्रार नाही. कर्ज काढण्यापेक्षा तेच करा.

खानापूरचा वायरमन, १९ मार्च

निपाणीकर, सहा वर्षं टिकल्या म्हणजे तुम्ही वेळेवर पाणी घातलंय. खरं १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १.८ युनिट, आणि ट्यूब्युलर निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य घटतं. दोन बॅटऱ्यांचं हातात येतं १.८ युनिट, या घरात एक दिवस कसाबसा. दुसरं म्हणजे चार्ज होताना तिच्यातनं हायड्रोजन आणि ॲसिडचा वास सुटतो. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद, घरात दम्याचं माणूस. तिथं मी ती बसवणार नाही, कुणी जास्त पैसे दिले तरी.

ताई, अजून दोन-तीन. कौलांवर पॅनल नको, मागच्या स्लॅबवर गॅल्व्हनाइज्ड स्टँड, तोंड दक्षिणेला. फणसा-जांभळाची सावली एका पॅनलवर पडली तरी जोडीचं उत्पादन पडतं, दुपारी स्वतः उभं राहून बघा. वानरं असतील तर बाजूनं फांद्या छाटून घ्या. आणि अर्थिंग! तुमच्याकडं जांभ्याचं कातळ, जमिनीत ओल टिकत नाही. खड्डा खोल घ्यायला लावा, पॅनलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं (आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईचं) अर्थिंग वेगवेगळं, आणि मीटर लावून अर्थिंगच्या रोधाचा आकडा (कमी तेवढा चांगला) दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजेनं जळालेली इन्व्हर्टरं मी दरवर्षी उतरवतो.

येळ्ळूरकर, २० मार्च

अनुदानाचं राहिलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणून ७८. खरं ते लाइनीला जोडलेल्या सोलरलाच मिळतं, आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. बॅटरीला त्यात पैसे नाहीत. नुसत्या ७८ हजारांकडं बघून मोठं घेऊ नका.

जांबोटीची सून, २४ ऑगस्ट

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात बसवलं. दोन पॅनल, लिथियम, इन्व्हर्टर, स्टँड, अर्थिंग धरून एक लाख बहात्तर हजार. अनुदान नाही. अर्थिंगचा पहिला आकडा जास्त आला, माणसानं कुरकुर केली, तरी मी खड्डा परत खणून घेतला.

जुलैच्या शेवटी लाईट गेली ती एकतीस तास आली नाही. पॅनलकडनं नावापुरतंच काही आलं. फ्रिज बंदच ठेवला, दूध शेजारी दिलं. रात्री दोनला सासूबाईंना खोकल्याची उबळ आली, नेब्युलायझर लावला, पंधरा मिनिटांत त्यांना झोप लागली. मी इन्व्हर्टरजवळ जाऊन बघितलं, ६१ टक्के होतं. सकाळी मालकांना फोन करून तो आकडा सांगितला.

वायरमनदादा, एक विचारायचं आहे. परसातल्या फणसाची सावली चारनंतर डाव्या पॅनलवर येते. सासूबाई फांदी तोडू देत नाहीत, तो सासऱ्यांनी लावलेला आहे. स्टँड हाताभर उजवीकडं सरकवला तर स्लॅबच्या कडेला येईल. चालेल का?

खानापूरचा वायरमन, २४ ऑगस्ट

फणस राहू दे. कडेपासनं दीड फूट तरी आत पाहिजे, वाऱ्याला. पाऊस उघडला की गणपतीनंतर येतो, बघून सरकवू.